पक्ष आपलाच उमेदवार टाकू शकतो काय?

निवडणुकीचे दिवस आले की आमच्या वस्त्यांतून, विहारांच्या ओट्यांवर आणि रविवारच्या वंदनेनंतर भरणाऱ्या बैठकींतून एक प्रश्न हटकून पुढे येतो. ज्या पक्षास आपण आजवर मत दिले, त्या पक्षाने ज्याचे नाव घेताना मान खाली जावी असा मनुष्य उभा केला, तर आपण काय करावे? पक्षाखातर त्या मनुष्यास पत्करावे, की त्या मनुष्यापायी पक्षास सोडावे? या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो पक्षाला विचारावयाचा आहे. स्वतः निवडलेला, स्वतःच्या चिन्हावर उभा केलेला उमेदवार लांच्छित निघाला, तर पक्ष त्याला टाकू शकतो काय? टाकू शकत असेल तर केव्हा, कशासाठी आणि कोणत्या रीतीने?

धम्माचा स्वीकार करून ज्या कुटुंबांनी नव्या जीवनास आरंभ केला आहे, त्यांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. जुना धर्म सोडताना आमच्यापुढे हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा होता. ज्या व्यवस्थेत आपण जन्मलो ती अन्यायी असेल, तर केवळ ती आपली म्हणून तिला चिकटून राहावे काय? परमपूज्य बाबासाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर १९३५ साली येवल्यास दिले आणि १९५६ साली नागपुरास ते कृतीत आणले. आपलेपणा हा न्यायाहून मोठा नाही, हा त्या उत्तराचा अर्थ होय. हाच मापदंड आज आम्ही पक्षांना लावून पाहणार आहोत.

प्रथम परदेशातील एक उदाहरण घेऊ. कारण परक्याच्या घरातील व्यवहार मनुष्य अधिक शांत चित्ताने तपासू शकतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दक्षिणेस अलाबामा नावाचे राज्य आहे. या राज्यातील माँटगोमेरी शहरी डिसेंबर १९५५ मध्ये कृष्णवर्णीय नागरिकांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला, आणि ज्या वर्षी नागपुरास धम्मचक्र फिरले त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी तो लढा जिंकला. याच राज्यात बर्मिंगहॅम येथे सप्टेंबर १९६३ मध्ये गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरात बाँब ठेवून चार बालिकांचे प्राण घेतले. आणि याच राज्यात सेल्मा गावच्या पुलावर ७ मार्च १९६५ रोजी मताचा हक्क मागणाऱ्या मिरवणुकीवर पोलीस लाठ्या घेऊन तुटून पडले. पुढील हकीकत वाचताना ही पार्श्वभूमी वाचकांनी ध्यानी ठेवावी.

२०१७ साली या राज्यात सिनेट या वरिष्ठ सभागृहाच्या एका रिकाम्या जागेसाठी निवडणूक झाली. तेथे पक्षाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवीत नाहीत. पक्षाच्या बाजूचे मतदार प्राथमिक निवडणुकीत मत देऊन तो ठरवितात. रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांनी सप्टेंबर महिन्यात रॉय मूर यांना पसंती दिली. हे गृहस्थ राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. न्यायालयाच्या इमारतीत त्यांनी बायबलमधील दहा आज्ञांचा पाषाण बसविला, तो हलविण्याचा संघराज्याच्या न्यायालयाचा हुकूम मानला नाही, आणि म्हणून २००३ साली ते पदावरून दूर केले गेले. पुढे मतदारांनी त्यांना पुन्हा त्याच पदावर निवडले आणि २०१६ साली ते पुन्हा निलंबित झाले.

परंतु आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट २००६ सालची आहे. त्या वर्षी मिनेसोटा राज्यातून कीथ एलिसन हे गृहस्थ अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. कृष्णवर्णीय कॅथॉलिक घरात त्यांचा जन्म झाला होता आणि विद्यार्थिदशेत स्वतःच्या विचाराने त्यांनी इस्लामचा स्वीकार केला होता. काँग्रेसवर निवडून गेलेले ते पहिले मुसलमान होत. मूर यांनी त्या वेळी लेख लिहून असे प्रतिपादन केले की, कुराणावर हात ठेवू पाहणाऱ्या या मनुष्यास काँग्रेसने आसनच देऊ नये. कोणत्याही पदासाठी धर्माची कसोटी लावली जाणार नाही असे अमेरिकेच्या संविधानाने स्पष्ट शब्दांत सांगितले असताना एका माजी मुख्य न्यायमूर्तीचे हे मत होते! एलिसन यांनी जानेवारी २००७ मध्ये शपथ घेतली आणि आपले आसन ग्रहण केले. पण धर्मांतर केलेल्या मनुष्यास लोकप्रतिनिधी होण्याचा अधिकार नाही, असे म्हणणारा हा गृहस्थ अकरा वर्षांनी एका मोठ्या पक्षाचा अधिकृत उमेदवार झाला.

उमेदवारी मिळाली त्या दिवशी हे सर्व जगजाहीर होते. प्राथमिक निवडणुकीत पक्षाच्या धुरीणांचा कल दुसऱ्या उमेदवाराकडे होता हे खरे; परंतु मूर विजयी होताच पक्षाने त्यांना आपले म्हटले, त्यांच्यासाठी निधी जमविण्याची व्यवस्था केली. दुसऱ्याच्या धर्मस्वातंत्र्याचा तिरस्कार हा त्या पक्षाला आपला उमेदवार टाकण्याजोगा दोष वाटला नाही.

मग ९ नोव्हेंबर २०१७ रोजी एका प्रमुख वृत्तपत्राने काही स्त्रियांची निवेदने प्रसिद्ध केली. १९७९ साली आपण चौदा वर्षांच्या असताना बत्तीस वर्षांच्या मूर यांनी आपल्याशी अशिष्ट वर्तन केले, असे त्यांपैकी एकीचे म्हणणे होते. मूर यांनी हे सर्व नाकारले. निवडणुकीस अवघा महिना उरला होता. सिनेटमधील पक्षनेते मिच मॅक्कॉनेल यांनी, आपला या स्त्रियांवर विश्वास आहे, मूर यांनी बाजूला व्हावे, असे जाहीर केले. पक्षाच्या राष्ट्रीय समितीने पैसा व कार्यकर्ते काढून घेतले. राज्यातील पक्षसमिती मात्र उमेदवाराच्या पाठीशी उभी राहिली. मूर हटले नाहीत, आणि कायद्याने त्यांना हटविण्याची सोय उरली नव्हती. कारण अलाबामाच्या कायद्यानुसार निवडणुकीपूर्वीच्या ७६ दिवसांत मतपत्रिकेवरील नाव बदलता येत नाही. आता पुढील नवल पाहा. डिसेंबरच्या प्रारंभी राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनी मूर यांना उघड पाठिंबा दिला, आणि ज्या राष्ट्रीय समितीने तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा हात सोडला होता तिने तो पुन्हा धरला!

या तीन आठवड्यांत आरोप खोटे ठरले होते काय? नाही. मूर यांनी आपल्या मतांचा त्याग केला होता काय? तेही नाही. बदलले होते ते इतकेच की, सिनेटमधील एक जागा हातची जाईल अशी भीती वाढली होती. तात्पर्य, त्या पक्षाने उमेदवार टाकला तो तत्त्वासाठी नव्हे, आणि पुन्हा उचलला तोही तत्त्वासाठी नव्हे. दोन्ही वेळा तराजू तोच होता आणि त्यात वजन होते ते केवळ लाभहानीचे.

शेवटी निकाल लावला तो मतदारांनी. १२ डिसेंबर २०१७ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाचे डग जोन्स सुमारे २२ हजार मतांनी निवडून आले. हे जोन्स म्हणजे ज्यांनी सरकारी वकील या नात्याने २००१ व २००२ साली बर्मिंगहॅमच्या त्या बाँबस्फोटातील दोघा वृद्ध अपराध्यांना जवळजवळ चाळीस वर्षांनंतर शिक्षा घडविली तेच. मतदानोत्तर पाहणीनुसार कृष्णवर्णीय मतदारांपैकी शेकडा ९५हून अधिक लोकांनी त्यांना मते दिली. दुसरी एक गोष्टही नमूद करण्याजोगी आहे. त्याच राज्याचे ज्येष्ठ रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड शेल्बी यांनी, आपण मूर यांना मत दिले नाही, मतपत्रिकेवर पक्षातील दुसऱ्या सभ्य गृहस्थाचे नाव लिहिले, असे उघड सांगितले. अशी हाताने लिहिलेली मते जोन्स यांच्या मताधिक्याहूनही किंचित अधिक भरली. ज्या पुलावर बापांनी लाठ्या खाल्ल्या त्या पुलापलीकडच्या लेकरांनी, आणि पक्षापेक्षा विवेक मोठा मानणाऱ्या काही हजार गोऱ्यांनी, पक्षाला जे जमले नाही ते करून दाखविले. जोन्स पुढे २०२० साली पराभूत झाले हे खरे. परंतु त्यामुळे २०१७ च्या निवाड्याचे मोल कमी होत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे कायदा काय म्हणतो? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाप्रमाणे उमेदवारी मागे घेण्याचा अधिकार फक्त उमेदवाराचा आहे. त्याने स्वतः लेखी सूचना दिली पाहिजे. पक्षाध्यक्षाच्या पत्राने त्याचे नाव यादीतून जात नाही. पक्षाच्या हाती असते ते चिन्ह. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशाप्रमाणे, अमुक मनुष्य आमचा अधिकृत उमेदवार आहे अशी सूचना पक्षाने ठराविक नमुन्यात द्यावयाची असते. आणि ती सूचना रद्द करून दुसऱ्याचे नाव द्यावयाचे तर नामनिर्देशनाच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंतच देता येते. तीनचा ठोका पडला की दार बंद! त्यानंतर पक्षाने कितीही पत्रके काढली, त्या मनुष्यास पक्षातून हाकलून दिले, तरी मतदानयंत्रावर त्याच्या नावापुढे पक्षाचेच चिन्ह राहते. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानापूर्वी मरण पावला तरच कायदा मतदान पुढे ढकलून पक्षाला दुसरा उमेदवार देण्याची संधी देतो. उमेदवाराची अब्रू मेली तर मात्र तशी सोय नाही.

निवडून आल्यावर तर पक्षाचा हात आणखी आखूड होतो. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या तरतुदीने पक्ष सोडणाऱ्या किंवा पक्षादेश मोडणाऱ्या सभासदाचे पद जाते. परंतु पक्षाने हाकलले एवढ्यानेच कोणाचे पद जात नाही. पक्ष त्याला आपल्या घरातून काढू शकतो, विधिमंडळातून काढू शकत नाही.

ही केवळ कागदावरची चर्चा नव्हे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कर्नाटकातील हासन मतदारसंघात जनता दल (सेक्युलर) पक्षाचे उमेदवार प्रज्वल रेवण्णा होते. २६ एप्रिल रोजी तेथे मतदान झाले आणि ३० एप्रिल रोजी पक्षाने त्यांना निलंबित केले. मते यंत्रात बंद झाल्यावर चार दिवसांनी! ते निवडणूक हरले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बलात्काराच्या एका खटल्यात विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा दिली. ज्या मतदारांनी २६ एप्रिलला त्या चिन्हासमोरचे बटण दाबले, त्यांच्या मताची परतफेड ३० एप्रिलच्या निलंबनाने कशी व्हावी? मतदानानंतर केलेला त्याग हा त्याग नव्हे. ती हात धुण्याची क्रिया होय.

म्हणूनच उमेदवार टाकण्याची खरी वेळ त्याला निवडण्यापूर्वीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी हेच ओळखून पक्षांना बांधून घेतले. ज्याच्यावर फौजदारी खटले चालू आहेत असा मनुष्य पक्षाने निवडला, तर त्या खटल्यांचा तपशील आणि त्यालाच का निवडले याची कारणे पक्षाने जनतेपुढे मांडली पाहिजेत. स्वच्छ चारित्र्याचा दुसरा मनुष्य का मिळाला नाही हे सांगितले पाहिजे. आणि तो निवडून येण्याजोगा आहे एवढे एकच कारण चालणार नाही. त्याच वर्षीच्या बिहारच्या निवडणुकीत हा आदेश नीट पाळला नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने आठ पक्षांना दंड केला. दंड झालेल्यांत उजवे होते, डावे होते, मधलेही होते. या एका बाबतीत आमच्या पक्षांची समता वाखाणण्याजोगी आहे!

येथवर प्रश्न सोपा आहे. दुर्वर्तनी मनुष्यास टाकावे, वेळीच टाकावे, कारण सांगून टाकावे. परंतु आमच्या वाचकांनी येथे थांबू नये. ज्या शब्दाने उमेदवार टाकला जातो त्या शब्दाची परीक्षा करणे अवश्य आहे. तो शब्द म्हणजे ‘वादग्रस्त’. वादग्रस्त कोण? ज्याने अन्याय केला तो, की ज्याच्या सत्य बोलण्याने दुसऱ्यांस राग आला तो?

पक्षाने आपला उमेदवार टाकणे हे नेहमी पुण्यकर्मच असते असेही नाही. १९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उभे केले. बंगलोरच्या बैठकीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी जगजीवनराम यांचे नाव सुचविले होते. पण बहुमत रेड्डींच्या बाजूने झाले. पुढे पंतप्रधानांनीच सभासदांस विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले आणि काँग्रेसचा अधिकृत उमेदवार पडून व्ही. व्ही. गिरी निवडून आले. रेड्डी यांच्या अंगी कोणते पाप होते? काही नाही. तो पक्षातील दोन गटांच्या सत्तेचा झगडा होता. त्या वर्षी तो पक्ष दुभंगला. आणि ज्या दलित नेत्याचे नाव प्रारंभी पुढे करण्यात आले होते, त्याचे नाव त्या धामधुमीत मागे पडले ते पडलेच.

आता ऑक्टोबर २०२२ मधील दिल्लीची घटना घ्या. ५ ऑक्टोबर रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, दिल्लीच्या आंबेडकर भवनात हजारो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेथे बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा उच्चार झाला. समारंभास दिल्ली सरकारचे तत्कालीन समाजकल्याणमंत्री राजेंद्रपाल गौतम उपस्थित होते. ते आम आदमी पक्षाच्या उमेदवारीवर सीमापुरी या राखीव मतदारसंघातून निवडून आलेले होते. लगेच विरोधी पक्षाने गदारोळ केला की मंत्र्याने देवदेवतांचा अवमान केला. आणि त्यांच्या पक्षाने काय केले? बावीस प्रतिज्ञा हा या देशातील लक्षावधी बौद्धांच्या धर्माचरणाचा भाग आहे, संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाचे त्यास संरक्षण आहे, एवढे एक वाक्य त्या पक्षाने ठामपणे उच्चारले असते तरी पुरे होते. ते उच्चारले गेले नाही. चार दिवसांनी, ९ ऑक्टोबर रोजी, गौतम यांचा राजीनामा झाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्याच सरकारने आपल्या सर्व कचेऱ्यांत बाबासाहेबांची तसबीर लावण्याचे जाहीर केले होते. तसबीर भिंतीवर चालते. तसबिरीतील पुरुषाने दिलेली प्रतिज्ञा मंत्र्याच्या मुखी चालत नाही!

अलाबामा आणि दिल्ली यांची तुलना करा. तेथे एका मनुष्याने, धर्मांतर केलेल्यास लोकसभेत बसू देऊ नये असे लिहिले; पक्षाने त्याला उमेदवारी दिली. येथे एक मनुष्य धर्मांतराच्या समारंभास हजर राहिला. पक्षाला तो नकोसा झाला. दोन्ही ठिकाणी पक्षाने एकच विचारले: याने मते वाढतील की घटतील? न्याय काय आहे, हे कोणी विचारले नाही.

आम्हां बौद्धांना हा अनुभव नवा नाही. १९६२ साली नागपुरातील राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली रद्द ठरविली. त्यांच्यावर लाचलुचपतीचा आरोप नव्हता, गुंडगिरीचा नव्हता. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता, आणि तत्कालीन आदेशाप्रमाणे बौद्धास अनुसूचित जातीचा म्हणून उभे राहता येत नव्हते, एवढेच कारण. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करीपर्यंत ही स्थिती राहिली. चौतीस वर्षे आमच्यापुढे एकच निवड ठेवली गेली होती: धम्म सांगा आणि जागा सोडा, किंवा जागा घ्या आणि धम्म लपवा. १९९० मध्ये कायद्याने हे दार उघडले. तेच दार पक्षांनी ‘वादग्रस्त’ या शब्दाची कडी घालून पुन्हा लावावे, हे आम्ही मुकाट्याने पाहावे काय?

मग टाकण्याची योग्य रीत कोणती? ती शोधावयास आम्हांस परदेशी जाण्याची गरज नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत बोलताना बाबासाहेबांनी स्मरण करून दिले होते की, सभासंचालनाचे नियम या भूमीस अपरिचित नव्हते; भगवान बुद्धाच्या भिक्षुसंघात ठराव, गणपूर्ती, मतदान यांचे नियम होते. त्याच संघात आपल्या माणसाविरुद्ध कारवाई कशी करावी याचेही नियम विनयपिटकात आहेत. एखाद्यास संघात घ्यावयाचे तर प्रस्ताव मांडून तीन वेळा संघास विचारले जाई. कोणाची हरकत असल्यास ती तेथेच सांगावयाची. भिक्षूविरुद्ध कारवाई करावयाची तर ती त्याच्या समक्ष झाली पाहिजे, त्याचा दोष त्याला सांगितला पाहिजे, त्याला विचारले पाहिजे. पाठीमागे केलेली, न विचारता केलेली कारवाई अशास्त्र ठरे. चार अपराध असे की ते करणारा भिक्षू राहतच नाही, मग तो कितीही विद्वान वा लोकप्रिय असो. इतर दोषांसाठी दूर केलेला मनुष्य वर्तन सुधारल्यावर परत घेता येई. आणि घाईने टाकण्याचा परिणाम काय होतो, हे कौशांबीच्या भिक्षूंच्या कथेत दिसते. भांड्यात उरलेल्या थोड्या पाण्याच्या क्षुल्लक निमित्तावरून एका भिक्षूस बाजूला काढले गेले, संघात दोन तट पडले, आणि कोणी ऐकेना तेव्हा तथागत एकटेच अरण्यात निघून गेले.

पक्षांनी हीच रीत आपल्याला लावून घ्यावी. घेताना विचारा, हरकती ऐका. टाकताना दोष सांगा, समक्ष सांगा. ज्या अपराधास क्षमा नाही त्याची यादी आधीच लिहून ठेवा. स्त्रीवर अत्याचार, जातीच्या नावाने केलेला छळ, दुसऱ्याच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला: एवढी तरी कलमे त्या यादीत असलीच पाहिजेत. आणि त्या यादीत जे नाही त्यासाठी, केवळ विरोधकांनी ओरड केली म्हणून, आपल्या मनुष्यास वाऱ्यावर सोडू नका.

परंतु पक्ष हे आपण होऊन करतील अशा भ्रमात आमच्या बंधुभगिनींनी राहू नये. १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांस १४८ राखीव जागा दिल्या, त्याबरोबर प्राथमिक निवडणूकही दिली होती. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनीच चार जणांचे मंडळ निवडावयाचे आणि त्या चौघांतून सर्वांनी मिळून एकास निवडावयाचे. उमेदवाराच्या निवडीवर समाजाचा हात असावा हा त्यातील हेतू होता. ती व्यवस्था दहा वर्षांच्या मुदतीची होती. संविधानाखालील निवडणुकांत ती राहिली नाही. आज राखीव जागेवरील उमेदवारही पक्षकचेरीतच ठरतो, आणि ज्या समाजाचा तो प्रतिनिधी म्हणविला जातो त्या समाजास त्याचे नाव वर्तमानपत्रातून कळते. ज्याला पक्षाने निवडले त्याला पक्ष टाकू शकतो. म्हणून तो समाजाकडे पाठ आणि पक्षाकडे तोंड करून बसतो.

यावर उपाय आपल्या हाती थोडा आहे, पण आहे. कायदा पक्षाला दुपारी तीनपर्यंत मुभा देतो. मतदाराला मतदानाच्या क्षणापर्यंत देतो. पक्ष जो उमेदवार टाकू शकत नाही, तो मतदार टाकू शकतो. अलाबामात हेच घडले. तेव्हा उमेदवारी जाहीर होण्यापूर्वीच प्रत्येक विहारातून, प्रत्येक महिला मंडळातून पक्षांकडे लेखी विचारणा जावी: तुम्ही कोणास उभे करणार? त्याच्यावर कोणते खटले आहेत? स्त्रिया, दलित, आदिवासी, अल्पसंख्य यांच्याशी त्याचे वर्तन काय आहे? धर्मांतराच्या स्वातंत्र्याविषयी त्याचे मत काय आहे? उमेदवाराने निवडणूक आयोगास दिलेले शपथपत्र कोणासही पाहता येते. आमच्या शिकलेल्या मुलामुलींनी ते मिळवून घरातील वडीलधाऱ्यांस वाचून दाखवावे. ज्या घरात आजीस अक्षरओळख नाही त्या घरात हे वाचन मोठे धर्मकार्य होय.

आणि जेव्हा आमच्यापैकी एखाद्यास, त्याने बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या म्हणून, पक्ष टाकू लागेल, तेव्हा त्या पक्षाला आमच्या मताची आठवण तेथल्या तेथे झाली पाहिजे. मात्र हाच न्याय आपल्या माणसासही लावण्याची तयारी हवी. निळा झेंडा हाती घेतलेला, जय भीम म्हणणारा मनुष्य घरातील स्त्रीस मारहाण करीत असेल, समाजाच्या नावावर पैसा खात असेल, तर तो आपला आहे म्हणून त्याला पाठीशी घालणे हा बाबासाहेबांशी द्रोह आहे. राजकारणातील विभूतिपूजा अध:पतनाकडे नेते असा इशारा त्यांनी त्याच २५ नोव्हेंबरच्या भाषणात दिला होता. तो इशारा काही परक्यांसाठी राखून ठेवलेला नव्हता.

तेव्हा पक्ष आपला उमेदवार टाकू शकतो काय, या प्रश्नास आमचे उत्तर येणेप्रमाणे आहे. वेळेत टाकू शकतो. वेळ टळल्यावर केवळ शब्दाने टाकू शकतो. अन्यायासाठी टाकला पाहिजे. सत्यासाठी कधीही टाकता कामा नये. आणि पक्षाने आपले कर्तव्य केले नाही तर ते करण्याचा अधिकार संविधानाने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाच्या बोटावर ठेवला आहे. ज्या समाजाने स्वतःच्या हिमतीवर आपला जुना धर्म टाकला, त्या समाजास एखादा नालायक उमेदवार टाकणे अवघड जाण्याचे कारण नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!